ज्योतीवाचून जळणारी वीट

१५ एप्रिल १९८६, सास्तूर
जयंतीच्या निळ्या पताका अजून दारावर. पुण्याहून सरांचं पत्र आलं : परदेशी जाळीदार वीट मिळत नाही. मेअखेर सोय झाली नाही तर संशोधनाचा विषय बदला. तीन वर्षांचं काम! आई-अण्णांना सांगितलं नाही. दुपारी ओसरीवर डोळा लागला. स्वप्नात इंजिन चालू होतं, आत ज्वाळा नव्हती, नुसता तांबूस उजेड. इंजिन वितळतंय की काय, असं वाटलं आणि जाग आली.

१७ एप्रिल
गोदाकाकूंकडं गेले. काका गेल्यापासून कुंभाराचं चाक त्याच चालवतात. सांगितलं, इंजिनात जाळ फार तापला की हवेचाच विषारी वायू होतो. बारीक भोकांच्या विटेला आतून प्लॅटिनम लावलं, तर इंधन ज्वाळेवाचून, बेतानं जळतं.
"जाळाबिगर? मंग जळतंय ते कळतंय कसं?"
"वीट लाल होते, काकू."
चाक थांबेस्तोवर बघत राहिल्या.
"केरसुणीच्या काड्या घालून भाजू. काडी जळंल, भोक ऱ्हाईल."
इतकं साधं. मला सुचलं नव्हतं.

२३ एप्रिल
वीट वाळतानाच तडकली. माती आटते, काडी आटत नाही.
काकू म्हणाल्या, "काड्या आदी भिजवू. फुगतील, मंग मातीसंगं आटतील."
टँकर यायला अजून दोन दिवस. त्यांनी प्यायचा हंडाच ओतला.
"अवो काकू, तुम्ही काय पिणार?"
"तुज्या घरचं."
आल्या. ओसरीवर बसून प्यायल्या. आमच्या घरचं पाणी त्या पहिल्यांदाच प्यायल्या. आईनं दुसरा तांब्या भरून आणला.

२ मे
भट्टी उघडली. अख्खी! उन्हाकडं धरली तर भोकाभोकातून उजेड. काकू डोळा लावून किती तरी वेळ. "चांदण्या भरल्यात की गं, शालू." मग मीही बघितलं. गाव, ऊन, रिकामे हंडे, काहीच दिसेना. नुसत्या चांदण्या. परत द्यावीशी वाटेना, त्यांनाही, मलाही.

२१ मे, पुणे
प्लॅटिनमचा लेप देऊन वीट नळीत बसवली. तापवली, इंधनाचा वायू सोडला. बराच वेळ काही नाही. मग मधोमध तांबूस, कडेपर्यंत पसरत गेलं. ज्योत नाही, आवाज नाही. पाण्याखालून बघतेय असं वाटलं. 
तासाभरानं सर म्हणाले, "इथं टिकली. इंजिनात किती टिकेल, कोण सांगणार? अजून सहा लागतील. कुणी केली?"
नाव सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

२२ मे
गावाकडं अजून थेंब नाही, अण्णांचं कार्ड आलंय. काकूंना पत्र लिहायला बसले, अण्णा वाचून दाखवतील. वीट कशी लाल झाली ते लिहिलं. सहा विटांचंही लिहिलं. काड्या भिजवायच्या पाण्यापाशी आले आणि पेन थांबलं.
पाकीट अजून उघडंच आहे.