भिंतीवरची पिवळी बोटं

सोलापूर, गुरुवार

तीर्थस्वरूप मायाप्पादादास,

धाकट्या सोनालीचा दोन्ही हात डोक्यावर नेऊन नमस्कार. (दोन्ही, दादा! उजवासुद्धा!) तुझी तब्येत बरी असेल, वहिनींचा गुडघा शांत असेल आणि मेंढरं शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरत नसतील, असं धरून चालते. फोन केला नाही, कारण आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशी जागा नाही. आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू पारावर बसून मोठ्यानं वाचशील.

आधी आनंदाची बातमी (तसली नव्हे). भूल देऊन हात सोडवायचं टळलं! दिवाळीपासून माझा उजवा खांदा असा आखडला होता की हात वरच जाईना. वेणी घालता येईना, दोरीवर कपडे टाकता येईनात, आणि शाळेत सगळं गणित फळ्याच्या खालच्या अर्ध्यात चालायचं (मागच्या बाकावरची पोरं उभी राहून शिकली). दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या धम्मप्रिया मॅडमनी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची, रोज कालच्यापेक्षा थोडी वर. ऐकायला सोपं वाटतं. करताना जीव जातो. मी थोडे दिवस केलं आणि सोडलं. मॅडमना 'करते की' म्हणायची, पण हात उचलायला लावला की पितळ उघडं पडायचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, महिनाभरात फरक पडला नाही तर भूल देऊ. दादा, मी दवाखान्याच्या जिन्यातच रडले. भुलीतून उठलेच नाही तर, एवढंच डोक्यात.

मग पुन्हा भिंतीला लागले. सासूबाई रोज पहाटे माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत तेल-हळदीचा लेप चोपडायच्या. त्या अंघोळीला गेल्या की मी व्यायामाला (त्यांच्यासमोर कण्हायचं नाही, हा माझा बाणा). परिणामी नव्यानं रंगवलेल्या भिंतीवर पिवळ्या बोटांची रांग उमटली. आमच्या मालकीणबाई गिरिजाबाई साधा खिळा ठोकू देत नाहीत. पाणी आल्याचं सांगायला त्या आत आल्या, भिंत बघितली, आणि मी मनात सामान बांधायला घेतलं तोच त्यांनी भिंतीला हात जोडले आणि सासूबाईंना म्हणाल्या, "अय्यो केराबाई, भंडारा की हो हा! तुमचा बिरोबा चढायलाय भिंतीवर!" सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय, तसंच दिसतंय."

खोली वाचली होती. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका खोबरं-उदबत्ती घेऊन हजर, आणि सगळ्यांचा एकच सवाल: देव आज कुठवर आला? आता सांग, देवाला एका जागी कसं ठेवायचं? एकदा मी कंटाळा केला, तर सासूबाईंनी सगळ्यांदेखत भिंत न्याहाळली. "दमला आसंल. उद्या दोन बोटं जादा चढंल की." मग झक मारत चढवली दोन बोटं जादा, पदर तोंडात कोंबून. मी रोज देवाच्या अब्रूसाठी मरत होते आणि खांदा आपला निमूट सुटत होता. सोमवारी डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो थेट कानाला टेकला. धम्मप्रिया मॅडमनी विचारलं, घरी व्यायाम करून कोण घेतं? मी म्हटलं, अख्खी गल्ली. येताना बसमध्ये जागा रिकामी असून वरचा दांडा धरून उभी राहिले. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
सोनाली

ता. क. खरं काम आता सांगते. देव माझा हात पुरेल तिथवर पोचला आणि अडकला. मी पाच फुटांचीही नाही. बायका म्हणतात, छताला टेकला की जेवण घालायचं. गिरिजाबाईंनी आचारीही बघून ठेवलाय. तू सहा फूट. रविवारी सहज आल्यासारखा ये, मुक्काम कर, पहाटे हळदीत बोटं बुडव आणि देवाला वर पोचव. कुणाला बोलू नकोस, सासूबाईंना तर मुळीच नाही.

आणखी ता. क. येऊ नकोस. आज पहाटे बघते तर भिंतीखाली स्टूल, आणि त्यावर हळदीची वाटी. सासूबाई न्हाणीच्या दारातून म्हणाल्या, "चढ. स्टूल मी धरते. पडलीस आन् दुसरा खांदा आखडला, तर आता आनि कंचा देव आनू मी?"