एकोणीस मिनिटं, पंचवीस सेकंद

मी राजवीर सयाजी पोवार, वय तेवीस, शिक्षण बारावी (एका विषयानं राहिली), धंदा मोबाइल दुरुस्ती, राहणार उचगाव, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितोय. डोकं ठिकाणावर हाय. ज्याला शंका असंल त्यानं समोर येऊन बोलावं. प्यायलेलो न्हाय, कुणी दमदाटी केलेली न्हाय. सोमवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं काय न्हाय त्यात." तवापास्नं घाबरलोय. पण गेल्या रविवारी छातीवरचा धोंडा उतरलाय, त्यामुळं आता काय झालं तर झालं.

कलम १. दुकानातली सोल्डरिंग गन, स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणि भिंग माझा दोस्त यशराज याला. अट एकच. माझ्या गाडीची हवा सोडणारा आपणच, हे त्यानं दुकानासमोर चार माणसांत कबूल करायचं. न्हाय केलं तर सगळं भंगारवाल्याला.

कलम २. बँकेत जे काय असंल ते आईला. आई, हसू नकोस.

कलम ३. समोरच्या जयपालआण्णा मगदूमांच्या दाराची कडी दोन वर्षं रोज सकाळी वाजवून पळणारा मीच. "पावणं आलं!" म्हणून वरडायचो, आणि आण्णांच्या घरच्या विजयमाला आजी चहाचं आधण ठेवून दारात यायच्या. आजी, माफी असावी.

कलम ४. आता मुद्द्याचं. टेपडेक.

माझे आजोबा आकाराम पोवार, म्हणजे आबा, जुने पैलवान. १९८४ साली कोडोलीच्या मैदानात त्यांनी वीस मिनिटांच्या आत गड्याला चितपट केलं. वीसच्या पुढं गेली असती तर कुस्ती बरोबरीत सुटली असती. घड्याळ धरून बसलेले पंच म्हणजे आबांचे जिवाभावाचे दोस्त जयपालआण्णा. भोंगेवाल्यानं शिट्टीपास्नं शेवटापर्यंत सगळं या डेकवर टेप केलतं. पुढं आबांनी कॅसेटसकट डेकच इकत घेतला. घरी कोण का येईना, आधी कुस्ती ऐकायची, मग जेवण.

अकरा वर्षांचा असताना मी प्ले आणि पॉज दाबून दाबून टेपमधल्या निवेदकाला तोतरं बोलायला लावायचो. मोटरीवरनं चाक फिरवणारा रबरी बेल्ट आधीच झिजलेला, तो त्यात तुटला. आबा रानात गेलते. मी झाकण खोललं आणि माझ्या बहिणीचं, तेजस्वीचं, केसांचं गुलाबी रबर मोटर आणि चाकावर चढवलं. वाजला की! आवाज जरा जाड यायचा. आबा म्हणाले, "हवा पावसाळी हाय."

दोन महिन्यांनी आमच्याच घरी एका बारशाच्या जेवणात कुणीतरी टोमणा मारला, "आकाराम, वीस मिनिटं उलटल्यावर पाडलंतंस म्हणं."

आबा पेटले. "टेप हाय की! लावा घड्याळ."

सगळ्यांच्या देखत मोजलं. वीस मिनिटं, चाळीस सेकंद.

आबा आण्णांकडं वळले. "म्हणजे तू मला भीक घातलीस व्हय रं?"

"मी घड्याळ बघूनच बसलोतो, आकाराम."

"खोटं बोलतोस."

आण्णा ताटावरनं उठले. दुसऱ्या दिवशी आबांनी त्या कुस्तीतला बक्षिसाचा फेटा त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला. समोरासमोर घरं, तरी बारा वर्षं दोघं बोलले न्हाईत. डेअरीला दूध घालायचे तेबी एकमेकाची वेळ चुकवून.

मी दुरुस्ती शिकलो तवा कळलं. रबर सैल असलं की टेप हळू चालतो, आणि हळू चालला की मिनिटं लांबतात. तरी चार वर्षं गप्प बसलो. अख्ख्या गावाच्या कळा काढणारा मी, पण हे सांगायला जीभ उचलंना. ऑपरेशनची तारीख मिळाली तवा उचलली.

कोल्हापुरात शाहूपुरीतनं बेल्टची जोडी आणली. रबर गुळासारखं वितळून चिकटलेलं, ते खरवडून काढलं, चाक स्पिरिटनं पुसलं. मोठा बेल्ट चाकाला, बारका आकडे फिरवणाऱ्या काउंटरला. मग गेल्या रविवारी डेक काखेत घेऊन आण्णांच्या दाराची कडी वाजवली. ह्या खेपेला पळालो न्हाय.

आबांनाबी तिथंच बोलावलं, दोघांना समोरासमोर बसवून सगळं सांगितलं. आण्णांनी विचारलं, "आता हा नीट चालतोय, ह्याला पुरावा काय?" पंच ते पंचच. कॅसेटच्या उलट्या बाजूला, बेल्ट धड असताना, आबांनी रेडिओच्या दहा मिनिटांच्या बातम्या टेप केलत्या. त्या लावल्या. आण्णांच्या घड्याळात बरोबर दहा. मग कुस्ती लावली.

एकोणीस मिनिटं, पंचवीस सेकंद.

आबा खाली बघत म्हणाले, "घड्याळ बरोबर होतं तुझं."

"एवढं मोजायला बारा वर्षं लागली व्हय रं?"

मग दोघांनी मला एकेक कानाखाली दिली. आबांची पैलवानी, आण्णांची मोजून. एवढं हलकं मला जन्मात वाटलं न्हवतं. विजयमाला आजींनी आतनं फेटा आणला. दरवर्षी ऊन दाखवून घडी घालून ठेवलावता.

कलम ५. त्याच दिवशी आबांनी डेक माझ्या नावावर केला. म्हणाले, "मोडलास तू, सांभाळ तू." माझ्या माघारी तो आणि कॅसेट तेजूला. दर रविवारी दोघा म्हाताऱ्यांना कुस्ती ऐकवायची. आवाज जाड आला तर हवेला दोष द्यायचा न्हाय, बेल्ट बदलायचा. जादा जोडी डेकच्या मागं चिकटवलीय. तेजू, तुझं रबर डबीत हाय, पण केसाला लावू नकोस.

कलम ६. आबा आणि आण्णा यांना काहीच न्हाय. रुसू नका. ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत न्हाय, असं कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्यानं सांगितलं, आणि मला साक्षीदार तुम्ही दोघंच पायजेत. एका टेबलावर, एका पेनानं.

वर लिहिलेलं सगळं खरं हाय. ऑपरेशनातनं वाचलो तर कलम १ आधी रद्द.

ठिकाण: उचगाव. दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार.

सही: राजवीर सयाजी पोवार

साक्षीदार १: जयपाल मगदूम. वेळ सकाळी अकरा वाजून सात मिनिटं, माझ्या घड्याळाप्रमाणं.

साक्षीदार २: आकाराम पोवार. वेळ अकरा वाजून सात मिनिटं, जयपालच्या घड्याळाप्रमाणं.