शिट्टी बसमध्ये आहे

सर, परवा बारावीच्या एका पोरीनं मला भर मैदानात असा प्रश्न विचारला की माझा पारा चढला, आणि घरी येईपर्यंत तो सगळा राग फिरून तुमच्यावर आला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बरं झालं, माझी आठवण तरी काढली. आज रविवार आहे, दुपारची जेवणं झालीत, घरातले सगळे आडवे झालेत आणि मी टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. तिनं काय विचारलं ते नंतर सांगते. आधी मला ते दिवस सांगायचे आहेत. तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, आपण परभणी जिल्ह्यात होतो, तुम्ही अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायचात आणि मी तांड्यावरून एस.टी.नं येणारी, मागच्या बाकावरची, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी पोरगी होते. आता माझं तोंड बंद होत नाही, हे आमच्या घरातलं कोणीही सांगेल.

आपल्या शाळेत बारावीतला एक विद्यार्थी प्रमुख असायचा. रोज प्रार्थनेला तो सगळ्यांच्या पुढं उभा राहायचा, ‘एक साथ सावधान’ म्हणायचा, रांगा लावायचा, गॅदरिंगला पाहुण्यांना हार घालायचा. त्याची निवड कशी व्हायची? जुलैतल्या एखाद्या सोमवारी प्रार्थनेआधी रांगा लागल्या की हेडमास्तर, ज्यांना आपण सगळे मोठे सर म्हणायचो, ते विचारायचे, यंदा कोण होणार, हात वर करा. गावातल्या पोरांचे दोन-तीन हात वर व्हायचे. टाळ्या ज्याला जास्त तो प्रमुख. आणि आमची बस? ती काही उशिरा यायची नाही, अगदी वेळेवर यायची, फक्त तिची वेळच प्रार्थना सुरू झाल्यावरची होती. आम्ही तांड्यावरची आणि वाटेतल्या वस्त्यांवरची पोरं रोज बंद फाटकाबाहेर राष्ट्रगीत ऐकत उभी राहायचो, आणि फाटक उघडलं की खाली मान घालून वर्गात पळायचो. आम्हाला कोणी नको म्हणालं नव्हतं. कोणाच्या मनात पापही नव्हतं. मला तर त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. प्रमुख हा गावातलाच असतो, जसा पोळ्याचा मान गावातल्यांचा असतो, इतकं ते साधं होतं.

मग तो तास आला. तुम्ही मतदानाचा हक्क शिकवत होतात, आणि शिकवता शिकवता थांबून विचारलंत, “गेल्या वर्षीचा आपला प्रमुख कोणी कोणी निवडला? हात वर करा.” गावातल्यांचे हात वर गेले. आम्ही बाकाकडं बघत बसलो. तुम्ही नेमके माझ्याजवळ येऊन उभे राहिलात. “तुमी काहून बसून राहिले?” मी म्हणाले, “आमी तवा बसमधी होतो, सर.” वर्ग खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत. खडू ठेवलात, हात झटकलेत आणि तास संपायच्या आधीच निघून गेलात. मला वाटलं माझ्याकडून काहीतरी वेडंवाकडं बोललं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या फाट्यावर. सायकल लिंबाला टेकवलेली, धोतर नेसलेली दोन म्हातारी माणसं तुमच्याकडं बघतायत, आणि तुम्ही आमच्यासोबत बसची वाट बघताय. आम्हाला कळेना की सरांना काही तकलीफ झाली की काय. बस आली, तुम्ही चढलात, जागा नव्हती तर उभे राहिलात. शाळेपाशी उतरलो तर फाटक बंद. शिपायानं तुम्हाला बघून घाईघाईनं कुलूप काढायला घेतलं, तर तुम्ही म्हणालात, “राहू दे. यांना उघडतोस तवाच उघड.” आणि आमच्यासोबत फाटकाबाहेर सावधान उभे राहिलात. आतून मोठ्या सरांनी बघितलं. सगळ्या शाळेनं बघितलं. एक शिक्षक उशीर झालेल्या पोरांत उभा आहे, हे दृश्य कोणी विसरलं नसेल. त्या दिवशी स्टाफरूममध्ये जी वादावादी झाली ती व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होती. मोठे सर म्हणत होते, मग बस लवकर आणा. तुम्ही म्हणत होतात, बस माझ्या हातात न्हाई, निवड तर आपल्या हातात हाय.

त्यातून जे निघालं ते तुमचं डोकं होतं. टाळ्या बंद. बारावीतल्या ज्याला प्रमुख व्हायचंय त्यानं नाव द्यायचं, प्रत्येकानं एक एक आठवडा शाळा चालवून दाखवायची, आणि सगळ्यांचे आठवडे झाले की मधल्या सुट्टीनंतर, सगळी पोरं हजर असताना, चिठ्ठ्या टाकून मत द्यायचं. ज्याचा आठवडा त्याच्या गळ्यात तुमची पितळेची शिट्टी. काळ्या दोरीतली, जुनी, दातांच्या खुणा असलेली. मोठे सर एवढ्याला कबूल झाले, पण प्रार्थनेची वेळ काही त्यांनी हलवली नाही. मी नाव दिलं. का दिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही फाटकाबाहेर उभे राहिलात आणि मी बाकावर बसून राहते, याची लाज वाटली असावी. घरी सांगितलं तर याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, “शाळा तू चालवणार? मंग मास्तर काय करणार?”

माझा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी तुम्ही शिट्टी माझ्या गळ्यात घातलीत. प्रार्थनेच्या आधी पोचायचं तर बस उपयोगाची नव्हती, म्हणून मी दुधाच्या जीपवाल्याला विचारून ठेवलं होतं. सोमवारी पहाटे जीप आली, आणि त्यानं नकाराची मान हलवली. म्हणाला, एकट्या पोरीला न्यायला मला जमणार न्हाई, लोक काय म्हणतील. तो गेला. मी फाट्यावर शिट्टी मुठीत धरून रडत उभी. शेवटी नेहमीच्याच बसमध्ये बसले. मनात म्हणत होते, झालं, गेला माझा आठवडा, गावातल्यांनी केव्हाच प्रार्थना उरकून घेतली असेल.

बस शाळेपाशी थांबली तर फाटक उघडं. आत अख्खी शाळा रांगेत उभी, चुपचाप. काय झालं होतं ते मला नंतर कळलं. मोठे सर म्हणाले होते, चला, कोणीतरी सुरू करा, वेळ होऊन गेली. तुम्ही पुढं होऊन म्हणालात, “ज्याच्याकडं शिट्टी त्यानं सुरू करायचं, असं ठरलंय साहेब. शिट्टी बसमध्ये आहे.” आणि शाळा थांबली. उन्हात, आमच्या बससाठी. मी धावत पुढं गेले, वेणीची रिबीन सुटलेली, श्वास लागलेला. शिट्टी फुंकली ती नुसती फुसकली. आणि मग घाबरून, ‘सावधान’च्या जागी, माझ्या तोंडून तांड्यावरची हाळी निघाली. माणसं गोळा करायची असली की माझा बा गुरांच्या वाड्याच्या कुडावर चढून देतो, ती आमच्या बोलीतली लांबलचक हाळी. सगळं मैदान हसायला लागलं. मास्तरसुद्धा. पण माझ्यामागून बसमधून उतरलेली आठवीतली तांड्यावरची पोरं, लहान लहान, ती हसली नाहीत. हाळी ऐकल्याबरोबर ताठ झाली, टाचा जुळवल्या आणि माझ्याकडं बघायला लागली. त्यांच्याकडं बघून मला पुढचं आठवलं. “एक साथ सावधान,” मी म्हणाले, आणि या वेळी आवाज बराबर लागला.

तरी मधल्या सुट्टीत मी शिट्टी परत करायला तुमच्याकडं आले. म्हणाले, “घ्या सर. मला न्हाई जमत. सगळे हसले.” तुम्ही इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. “हसले म्हणून? गावातली पोरं वर्षानुवर्षं वाईट चालवून राहिलीत, त्यांच्या हातून कोणी काढून घेतलं का? मी काय मेहरबानी करून राहिलो का तुझ्यावर? आठवडा तुझा हाय. वाईट चालव, पण चालव. शनिवारपर्यंत ही शिट्टी मला दाखवू नको.” मी तशीच माघारी फिरले. सर, मी रागानं चालवला तो आठवडा. त्याचं श्रेय तुम्हाला नाही, माझ्या रागाला आहे, एवढं तरी माझ्याकडं राहू द्या.

त्याच संध्याकाळी बा मला घेऊन तुमच्या घरी आला. रोज शाळेला थांबवून धरायचं हे त्याला पटत नव्हतं. दारातच घुटमळत म्हणाला, “लेकरू एक आठवडा तुमच्याकडं ठेवता का, सर? तुमी म्हणसाल तर.” काकूंनी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, तिथंच पाणी प्यायला आणि आत येऊन बसला. तुमचं स्वैपाकघर मला अजून दिसतं. फडताळावर बुद्धाची छोटी मूर्ती, खाली डब्यांची ओळ, काकू भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर बसून लसूण सोलताय. तुम्ही लसूण सोलता हे बघून बा माझ्याकडं असा बघतो की मला हसू आवरत नाही. तुम्ही मान खाली घालूनच बोलत होतात, “मी पहिल्या नंबरानं पास व्हायचो. पण रांगेच्या पुढं मला कधी कोणी उभं केलं न्हाई. कारण कोणी सांगितलं न्हाई, मीबी विचारलं न्हाई. न विचारल्याचं मला अजून वाईट वाटतं.” काकू तव्याकडं बघत म्हणाल्या, “आता पोरीला भाकरी तरी खाऊ द्या.” तो आठवडा मी तुमच्याकडं राहिले. नळाच्या टाकीवरची भांडणं मिटवली, पाचवीची रांग सरळ केली, एका दांडगटाला ओरडले आणि नंतर स्वतःच घाबरले.

चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा मी हरले. जिंकला तो संस्थेतल्या एका मोठ्या माणसाचा मुलगा, जो टाळ्या असत्या तरी जिंकलाच असता. मला वाईट वाटलं, फार वाटलं, बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. पण दुसऱ्या दिवशी तो पोरगा माझ्या बाकापाशी आला. म्हणाला, “टाळ्यांनी झालो असतो तर सगळे म्हणले असते, बापामुळं झाला. आता कोणाला म्हणता येत न्हाई.” मग म्हणाला, “त्या सोमवारी तुझी वाट बघत उन्हात उभा होतो. रोज असं फाटकाबाहेर उभं राहता तुमी?” मी म्हणाले, “व्हय.” त्यानं घरी जाऊन बापाला सांगितलं, आणि पुढच्या सोमवारपासून प्रार्थना बस आल्यावर व्हायला लागली. तुम्ही भांडून भांडून जे झालं नाही ते त्याच्या बापाच्या एका शब्दानं झालं. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात आणि इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला.

शाळा सोडताना तुम्ही ती शिट्टी मला देऊन टाकलीत. म्हणालात, “हरलेल्यालाबी काहीतरी पाहिजे.” तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एड. करत होते. निरोप उशिरा आला, वारंगा फाट्यावर गाडी बदलून पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. काकूंनी मला आत नेलं आणि जेवू घातलं. आता मी वसमतला अकरावी-बारावीला तुमचाच विषय शिकवते. आमच्याकडंही आठवडे आहेत. ज्यानं नाव दिलं त्याला आठवडा, मग तो पहिल्या बाकावरचा असो की सकाळी बापासोबत हळदीची पोती उतरवून येणारा. तोतरं बोलणाऱ्या एका पोरानं गेल्या वर्षी आठवडा चालवला. ‘राष्ट्रगीत शुरू कर’ म्हणायला त्याला वेळ लागला, शाळा थांबली, कोणी हसलं नाही. तुम्ही बघायला हवे होतात, सर. मला फार आनंद झाला.

आता त्या पोरीचा प्रश्न. उद्यापासून तिचा आठवडा आहे. तुमची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते, पर्समधून शिट्टी काढून दाखवते. परवा मी तिला दुकानातली प्लॅस्टिकची शिट्टी दिली, जशी सगळ्यांना देते. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, “मॅडम, आठवडा आमचा, अन् खरी शिट्टी तुमच्या पर्समधी काहून?” मी चिडून म्हणाले, ती माझ्या सरांची आहे. तर ती म्हणते, “त्यांनी तर तुमाला दिली होती ना?” तिचं खरं होतं म्हणूनच राग आला, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही एका वर्षात कितीतरी गळ्यांत ती घातलीत, आणि मी इतक्या वर्षांत एकाही गळ्यात घातली नाही.

आज सकाळी शिट्टी चिंच लावून घासली. दोरी नवी ओवली. उद्या प्रार्थनेआधी त्या पोरीच्या गळ्यात घालणार आहे, आणि तिच्यानंतर ज्याचा आठवडा त्याच्या. हे पत्र कुठं पाठवणार मी? घरी आल्यावर पर्समधून काढून टेबलाच्या ज्या खणात शिट्टी ठेवायचे तिथंच ठेवते. कबूल करते सर, ती जागा रिकामी बघायची माझी हिंमत नाही.