टोबॅगोच्या पाण्यात तू काय पाहिलंस?

प्रिय वृंदा,

परवा शुक्रवारी सकाळी केतकीने तुझा आवाज पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बाबा, सिट डाउन अँड लिसन.' तू गेल्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मी तुझा एकही व्हिडिओ उघडला नव्हता, आणि इथे चहाचा कप हातात असताना तू एकदम बोलायलाच लागलीस. मी बसलो नाही. बसायचं लक्षातच आलं नाही.

आपण टोबॅगोला होतो तेव्हाचा तो व्हॉइस मेसेज आहे. तू लेकीला पाठवलेला, चार मिनिटांचा. त्यात जे आहे ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. म्हणून हे पत्र. आता तुला जाब विचारायचा तर दुसरा मार्ग कोणता उरलाय, सांग?

मला पत्रं लिहायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. कुवेतच्या रिफायनरीत सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर. माझं सगळं लेखन म्हणजे अपघातांचे अहवाल. काय घडलं, कुणाचं चुकलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करावं. त्याच क्रमाने लिहितो. हसू नकोस.

सहल तुझ्या हट्टाची होती. अबू हलीफाच्या या फ्लॅटमध्ये, बाहेर धुळीचं वादळ, खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल, आणि तू दम्याने हैराण होऊन सोफ्यावर. एका हातात पंप आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर कॅरेबियन समुद्रातले प्रवाळ. "अहो, हे एकदा डोळ्यांनी बघायचंय," असं तू किती वर्षं म्हणत होतीस! लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा केतकीने टोरांटोहून सगळं जुळवलं. आपल्या पासपोर्टला व्हिसा लागत नाही असं बेट तिनेच शोधलं. तिच्याकडे आठवडाभर राहून आपण दोघं पुढे टोबॅगोला गेलो.

ग्लोरियाबाईंचं ते गेस्टहाउस आठवतं? डोंगराच्या उतारावर घर, खाली छोटासा किनारा, रस्त्यात कोंबड्या. पोचल्या पोचल्या तू अंगणातलं झाड पाहिलंस आणि बॅग तिथेच टाकलीस. "अहो, नीरफणस!" तुझ्या गुहागरचं झाड जगाच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी तू त्या बाईंच्या स्वयंपाकघरात शिरून नीरफणसाचे काप तळलेस, आणि सत्तरीच्या ग्लोरियाबाई बोटं चाटत तुला 'डार्लिंग' म्हणू लागल्या. मला त्या शेवटपर्यंत 'मिस्टर' म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डायव्हिंगच्या दुकानात गेलो. मी कुवेतला रीतसर कोर्स केला होता, तुला तिथल्या इन्स्ट्रक्टरबरोबर पहिली डुबकी मारायची होती. काउंटरवरच्या मुलीने आरोग्याचा फॉर्म दिला. दमा आहे का? तू बिनदिक्कत 'नाही' लिहिलंस. मी तुझ्या खांद्यावरून वाचत होतो. तुझ्या हातातलं पेन घेतलं, 'नाही' खोडलं, 'हो' लिहिलं आणि खाडाखोडीच्या बाजूला सही केली. प्लांटवर तशीच शिस्त आहे. ती मुलगी आधी माझ्याकडे आणि मग तुझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय सिलिंडर देता येणार नाही, म्हणाली. तू "इट्स ओके" म्हणालीस आणि बाहेर जाऊन कठड्यावर बसलीस.

वृंदा, तो फॉर्म बरोबर होता. आज पुन्हा तिथे उभा राहिलो तरी तेच लिहीन. दम्याच्या माणसाने सिलिंडर घेऊन खाली जाणं हा खेळ नाही. पण त्यानंतर परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "आता पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही." हे कुठल्या फॉर्मवर होतं? वरच्या वर तरंगत, नळीतून श्वास घेत मासे बघायला कुणाची बंदी नव्हती. ती माझी होती.

मी दोन दिवस खाली जाऊन आलो. आता कबूल करतो, मला त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते प्रेशर गेज. किती हवा उरली, किती खोल आलो, जोडीदार कुठे आहे. तुला वाईट वाटू नये म्हणून रात्री जेवताना मी सगळं कमीच सांगायचो. "छान होतं. एक हिरवा मासा होता, प्रवाळाला चावत होता." तू विचारलंस, "आवाज येतो का हो चावल्याचा?" मी म्हणालो, "पाण्यात कसला आवाज?" तू पानावर मान खाली घालून हसलीस. मला वाटलं, बिचारीला काय कळणार.

कुवेतला परतल्यावर शुक्रवारी सकाळी तू समुद्रावर जायला लागलीस. गुडघाभर पाण्यात उभी राहून खाली बघत राहायचीस, आणि मी तुझ्या चपला घेऊन काठावर. मला वाटायचं, हा तुझा मुका राग आहे. अशी दहा महिने तू उभी राहिलीस. मग एका मंगळवारी स्वयंपाकघरात पडलीस. मेंदूत रक्तस्राव. मी प्लांटवरून हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस. तुला घेऊन गुहागरला जाईपर्यंतचे सगळे कागद मी भरले. एकही चुकला नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. आयुष्यात तू एकच गोष्ट मागितलीस, पार तिच्या दारापर्यंत गेलीस, आणि दार मी लावलं. बरोबर वागून लावलं, म्हणून तर कुणाजवळ बोलताही येत नव्हतं.

आणि परवा तुझा आवाज.

"अगो केतू, कुणाला बोलू नकोस, बाबांना तर मुळीच नको. मी पाण्यात जाऊन आल्ये. काल पण गेल्ये होते. ग्लोरियाने तिचा मास्क दिला. आधी कमरेएवढ्या पाण्यात नुसतं तोंड बुडवायला लावलं. म्हटलं, बाई, मी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकल्ये, मला काय शिकवतेस? पण त्या नळीतून श्वास काही जमेना. मग जमला. अगो, खोकला नाही की काही नाही. इतका मोकळा श्वास कुवेतला कधी आला नाही बघ मला."

मग तू त्या हिरव्या माशांचं सांगितलंस. "दगड खातात ते, केतू. कुडकुड आवाज येतो. पंगतीत सगळी एकदम पापड मोडतात ना, तस्सा."

मला तो आवाज ऐकू आला नव्हता. माझ्या कानात माझ्याच बुडबुड्यांची घरघर होती.

पुढे तू म्हणतेस, "मग तिने हात धरून लांब नेलं. तिथे मोठा दगड आहे, आपल्या तुळशीवृंदावनाएवढा. आणि त्या दगडामागून, केतू, काय आलं असेल, सांग बघू—"

आणि तिथे माझा आवाज येतो. खोलीच्या आतून. "वृंदा, पंप कुठे ठेवलायस? टेबलावर दिसत नाही."

"आहे हो, पिशवीत आहे. आल्ये."

मेसेज संपला.

मी तो कितीदा ऐकला ते सांगत नाही. लेकीला फोन करून विचारलं, दगडामागून काय आलं? ती म्हणाली, "आय नेव्हर आस्क्ड, बाबा. ऑफिसमध्ये होते. आई नंतर सांगेल असं वाटलं." तिला रडू फुटलं. मी तिची समजूत काय घालणार होतो? शेवटी ग्लोरियाबाईंना फोन लावला. तू गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. त्या पहिल्यांदा मला 'डार्लिंग' म्हणाल्या. दगडाचं विचारलं तर म्हणाल्या, तिथून रोज काहीतरी येतं, त्या दिवशी काय आलं कसं आठवणार. "एवढंच आठवतं, की तुझ्या बायकोने माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठले होते."

कासव असेल का गं? की तो पंखासारखा पसरट मासा? मला हे कधीच कळणार नाही.

एका परीने माझ्या उरावरचा धोंडा उतरला. तू पाहिलंस. माझ्या नाकावर टिच्चून पाहिलंस, फार बरं केलंस. पण त्या जागी दुसरा येऊन बसला आहे. दहा महिने आपण रोज समोरासमोर बसून जेवलो. एवढी मोठी गोष्ट तुझ्यापाशी होती, आणि ती तुला मला सांगावीशी वाटली नाही. का वाटावी? तू तोंड उघडलं असतंस तर मी विचारलं असतं, लाइफ जॅकेट होतं का, पंप बरोबर होता का, लाट किती होती. सेफ्टीचा माणूस घरी आला की डोक्यावरचं हेल्मेट काढतो, मी काढलंच नाही. पण तूही जरा अन्याय केलास, वृंदा. एकदा भांडून तरी सांगायचं होतंस. मी तासभर बडबडलो असतो, रुसलो असतो, आणि नंतर तरी ऐकलं असतं. ऐकलं असतं ना?

काल संध्याकाळी केतकीचा फोन आला. "बाबा, एक सांगायचंय. मी डायव्हिंगच्या क्लासला नाव घातलंय." तिलाही लहानपणी दोन वर्षं पंप होता, तुला आठवत असेल. माझा प्रश्न जिभेवर आला होता. मी तो गिळला. पलीकडून तिने विचारलं, "बाबा, आर यू देअर?"

"आहे," मी म्हणालो. "तू सांग."

ती वीस मिनिटं बोलली. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी पहिल्यांदा बसली तेव्हा मास्कच्या आत तिला रडू आलं, तू आठवलीस, आणि रडतानाही नळीतून श्वास घेता येतो हे तिला तेव्हा कळलं. हे मला तिने सांगितलं. मला. तिचं सगळं बोलून झाल्यावर मी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंस का?" ती हसली. "बाबा, ते तर सगळ्यात आधी केलं. मुलगी कोणाची आहे?"

आता अहवालातलं शेवटचं कलम, पुन्हा घडू नये म्हणून काय करावं. वृंदा, तुला वचन देतो: आपली लेक बोलत असेल तेव्हा तिचं वाक्य मी तोडणार नाही. प्रश्न माझे सुटायचे नाहीत, पण ते तिचं बोलणं पुरं झाल्यावर येतील.

तुझाच,
श्रीकांत