चादरीचं दुसरं टोक

३ मार्च, सोमवार

काढलं मला! चादरींच्या टेबलावरून काढलं आणि मळक्या खोलीत टाकलं. कोणाच्या सांगण्यावरून? सख्ख्या नणंदेच्या!

लाँड्रीत इतकी वर्षं आम्ही दोघी समोरासमोर. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरम गरम बाहेर येते. दोन टोकं मी धरायची, दोन तिने. ताणायची, झटकायची, दुमडायची. मग तिने चालत यायचं आणि तिची टोकं माझ्या हातात द्यायची. की लगेच पुढची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांच्या चादरी — आमच्यासारखी सरळ घडी अख्ख्या हॉलमध्ये कोणाची नाही. नाहीच!

साहेब म्हणाले, "तुमच्या नणंदबाईंना त्रास होतो. तुम्ही फार ओरडता."

मी ओरडते! त्या रोलरच्या घरघरीत कुजबुजून ऐकू जाणार आहे का? आणि ओरडले तरी मान ठेवून ओरडते. "अहो वन्सं, ताणा! अहो वन्सं, झोपलात का?" — वयाने मोठी आहे, अहोजाहो कधी सोडलं नाही.

ती शेजारीच उभी होती. मान खाली. डोळ्यांत टचकन पाणी. हॉलमध्ये सगळे तिला कापूस म्हणतात. मऊ म्हणून.

बघतेच आता कापसाकडे.

(दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, राग आला की बोलू नका, लिहा. लिहिते आहे. काही कमी होत नाही.)

५ मार्च

मळकी खोली. सगळ्या गावाची घाण आधी आमच्याकडे येते. हातमोजे घालायचे आणि निवडत बसायचं — रक्ताचं इकडे, तेलाचं तिकडे, रंगीत वेगळं. चादरीत काय काय निघतं! चष्मा. चमचे. आज कोणाची तरी कवळी निघाली. माझ्याकडे बघून हसत होती.

भिंतीपलीकडे रोलर चालू. माझ्या जागेवर नवी पोरगी आलीय. उंच, मान पुढे काढून चालते — तिचं नाव मी उंटीण ठेवलं. दारातून वाकून बघितलं. चादर अशी धरते, जशी मांजर धरलीय.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तुमच्या बहिणीने माझा गळा कापला.

"ताई तशी नाही गं."

"मग कशी आहे?"

"मऊ आहे बिचारी."

"आणि मी कशी आहे?"

हे बादली भरायला उठले. नळाला पाणीच नव्हतं.

६ मार्च

वन्सं वरच्या खोलीत राहतात. जिन्यात समोरासमोर आलो. मी बघितलंच नाही. त्या हळूच बाजूला झाल्या, भिंतीला धरून. नाटकी!

८ मार्च, शनिवार

दवाखाना. प्रेशर चढलेलंच. नर्स पोरगी चांगली आहे, पण बोलते फार गोड.

"काकू, स्वभाव काही बदलत नाही. कोणाचा राग लगेच तोंडातून बाहेर पडतो, कोणाचा आत मुरत राहतो. दोघांनाही स्वतःला सांभाळावं लागतं."

म्हटलं, कसं सांभाळू? औषध लिही.

"घरी गेल्यावर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बसा. काही करू नका. आणि स्वतःशी जरा मायेने बोला. रडणाऱ्या मुलाला घेतो ना जवळ, तसं."

स्वतःशी काय बोलू? ये गं माझी बाय, कोणी मारलं तुला? ऐकलं तर हे मला दुसऱ्याच दवाखान्यात नेतील.

९ मार्च

पाय सोडून बसले. पाणी बरं वाटलं. मायेने बोलायला तोंड उघडलं तर तोंडातून नणंदेला शिवीच आली. तशीच बसून राहिले. शिव्या देत, पाय भिजवत. खोटं कशाला लिहू, झोप लागली जरा.

११ मार्च

सापडलं! आता दाखवते.

परवा हॉटेलची मोठी बाई काम बघायला येणार आहे. अर्ध्या चादरी तिच्याच असतात. साहेब सकाळपासून घाम पुसतायत. आमच्याकडे नियम असा — चादर जमिनीला टेकली की संपलं. दिसायला स्वच्छ असली तरी परत धुवायला. आणि ती बाई समोर असताना टेकली तर विचारायलाच नको.

आणि आमचा कापूस किती घाबरट! घरात ताटली पडली तरी दचकून उभी राहते. तर मी काय करणार — साबणाच्या पिंपाचं पत्र्याचं झाकण घेणार, तिच्या मागे जाणार, आणि सोडणार फरशीवर. धाडकन! चादर तिच्या हातून सुटणार. मग बघू साहेब कोणाला त्रास होतो म्हणतात ते.

आज भूकही चांगली लागली.

१३ मार्च, गुरुवार



बाई आली. उंच टाचा, हातात रुमाल. साहेब पुढे पुढे. बरोबर आमच्या — म्हणजे त्यांच्या टेबलापाशी थांबली. मी रिकामी ढकलगाडी घेऊन गेले, गाडीत झाकण. वन्संच्या पाठीशी पोचले. सोडलं.

अख्खा हॉल हादरला. साहेब उडाले. बाईंचा रुमाल पडला. उंटीण किंचाळली आणि तिची दोन्ही टोकं फरशीवर!

आणि वन्सं? पापणी हलली नाही. आपली टोकं घट्ट धरून उभ्या. मग सावकाश मागे वळल्या, झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि हसल्या. कधी हसल्या नव्हत्या तशा.

मी बघतच राहिले. केस कानामागे गेले होते. कानात कापूस! खराखुरा, चांगला घट्ट बोळा करून घातलेला!

१४ मार्च

चहाच्या सुट्टीत नळापाशी गाठलंच. कानाकडे बोट दाखवलं. त्यांनी बोळे काढले, रुमालात गुंडाळले — अंगठी ठेवावी तसे.

"कधीपासून?"

"तू कामाला लागलीस त्या आठवड्यापासून."

म्हणजे मी इतकी वर्षं ओरडत होते कोणाला? भिंतीला?

म्हटलं, "मग साहेबांना का सांगितलंत? ऐकूच येत नव्हतं तर त्रास कसला झाला तुम्हाला?"

त्यांनी चप्पल काढली. पाऊल पुढे केलं. घोटा केवढा सुजलेला. टाचेला भेगा, बोट जाईल एवढ्या.

"चादर धरून तू जागेवर उभी राहतेस. दर वेळी मीच येते चालत. मीच जाते परत. एक पाऊल तू कधी पुढे आली नाहीस. पाय दुखतात म्हटलं असतं तर साहेबांनी मलाच घरी बसवलं असतं. म्हणून तुझं तोंड सांगितलं. ते सगळ्यांना पटतं."

"आणि ते रडणं?"

"आणावं लागलं गं."

एवढं बोलून चहा प्यायला गेल्या! मी तिथेच. नळ चालू.

१५ मार्च

ही मऊ? ही? माझा राग फुलबाजीसारखा, तडतडला की संपला. हिने राखेखाली निखारा ठेवावा तसा ठेवला आणि बरोबर वेळेला बाहेर काढला. आणि तोवर कानात कापूस घालून मजेत! स्वतःला सांभाळणं म्हणजे काय ते त्या नर्सने हिच्याकडून शिकावं.

राग गेलेला नाही. पण तिच्याकडे बघताना आता जरा भीती वाटते. आवडलंही थोडं. हे कोणाला सांगणार नाही.

१७ मार्च, सोमवार

साहेबांनी बोलावलं. झाकण गाडीतून निसटलं असंच त्यांना वाटतंय. हॉटेलच्या बाईंनी सुनावलंय — ती पोरगी तिथे नको. उंटिणीला रंगीत कपड्यांकडे पाठवतायत. म्हटलं, मग मी येते परत. म्हणाले, "नणंदबाई हो म्हणाल्या तर."

विचारलं त्यांना. म्हणाल्या, "बघते."

१८ मार्च

"बघते."

१९ मार्च

अजून बघतेच आहे! जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसून एक एक घास चावत बघते. मी मळक्या खोलीत, उंटीण अजून माझ्या जागेवर चादरी लोळवते, आणि ही बघते! बदला घ्यावा तर असा. माझं झाकण म्हणजे पोरखेळ.

ओरडावंसं वाटलं. पण कोणाला? बोळ्यांना?

२१ मार्च

काल रात्री पाय भिजवून झाले. टबमध्ये ताजं कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं, वर नेलं, त्यांच्या दाराबाहेर ठेवलं. दार वाजवलं आणि खाली पळाले.

दया बिया नाही. पाय बरे झाले की भांडायला मोकळी.

सकाळी टब जिन्यात होता. रिकामा. घासून पुसून ठेवलेला. चिठ्ठी नाही, काही नाही.

२४ मार्च, सोमवार

आज टेबलावर बोलावलं. पहिली चादर बाहेर आली. ताणली, झटकली, दुमडली. मी टोकं धरून उभी. त्या येईनात. मी वाट बघते, त्या उभ्याच. मग कानातले बोळे काढून खिशात टाकले आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "अगं ए! झोपलीस का? आता तू ये!" — की पलीकडे उंटिणीच्या हातून कपडे पडले.

गेले चालत.