आंब्याखाली उभी बस

३ नोव्हें., सोम.
पेडणे स्टेशनावर आजपासून सरकारी बस. रेल्वे आली की उतारूंना बाजारात आणि पुढे पार्से गावापर्यंत नेणार. महिनाभर चालवून बघणार. माणसे बसली तर कायम, नाहीतर बंद. मागे उतारू बसवून भाडे मारणाऱ्या आम्हा मोटरसायकल पायलटांची तोंडे उतरली. ड्रायव्हर दत्तारामभाऊ बस बाहेर आंब्याखाली लावतो. प्लॅटफॉर्मवरून दिसत नाही.

५ नोव्हें.
आमच्या लायनीचा म्होरक्या शाबी म्हणाला, "महिनोभर रिकामी धावली की आपोआप बंद." रेल्वे आली की सगळ्यांनी आत प्लॅटफॉर्मवर जायचे, उतारूची बॅग आधी हातात घ्यायची. मला म्हणाला, "तू सांग बस नाय म्हणून. तुझा तोंड देवळातल्या भटासारखा, लोक विश्वास ठेवतत."
सांगितले. बस रिकामी गेली. जेवण गेले नाही.

८ नोव्हें., शनि.
शेजारची राधाबाय लेकीकडून सावंतवाडीहून आली. मोटरसायकलला भिते. "बस सुरू झाली म्हणतत ना रे?"
"आज येवची नाय, बाय."
सवय झाल्यासारखे तोंडातून गेले. समोर कोण आहे ते बघितलेच नाही. तिला माझ्याच मागे बसवून निघालो.
पार्सेच्या उतरणीवर तिचा पदर मागच्या चाकात. दोघेही खाली. काजूच्या बागेतल्या माणसाने कोयत्याने पदर कापला. तिच्या घोट्याला टाके. मला फक्त खरचटले. चाकावरची, पदर अडवणारी जाळी मीच पावसाळ्यात काढली होती, खडखडते म्हणून.

९ नोव्हें.
उंडे पाव घेऊन तिच्याकडे गेलो. मलाच चहा दिला. "माझीच चूक रे. पदर सांभाळूक व्हयो होतो. तू होतस म्हणून घराक पावलंय. त्या बशीचो काय भरवसो!"
कप तसाच ठेवून आलो.

१६ नोव्हें., रवि.
ग्रामसभा. बस ठेवावी की नाही विचारायला खात्याचा साहेब आलेला. राधाबाय काठी टेकत उठली. "त्या दिवशी बस आयलीच नाय. आयली असती तर माझो पाय असो झालो नसतो."
दत्तारामभाऊ मागून म्हणाला, "बाय, मी आंब्याखाली उभो होतंय."
"निजलेलो आसतलो!" कोणीतरी. सगळे हसले. साहेब हसला नाही, लिहून घेतले. शाबीने माझा गुडघा दाबला. मी चपलांकडे बघत बसलो.

१९ नोव्हें.
दत्तारामभाऊला खात्याची नोटीस. कंत्राटी माणूस, घरी बसवतील. स्टेशनावर मला गाठले. "तू थंय होतस. बस होती की नाय? तेवढाच सांग."
"गर्दी होती, भाऊ. बघूक नाय."
स्टेशनावर तेव्हा कसली गर्दी?

२१ नोव्हें.
मूल कडेवर घेतलेल्या एका बाईने बस विचारली. "आसा, भायर आंब्याखाली," म्हणालो आणि बॅग उचलून बसपर्यंत गेलो. शाबीने बघितले. "उद्यापासून लायनीत उभो रवू नको."
दत्तारामभाऊने बॅग आत घेतली. म्हणाला, "एकटीक दाखवून काय होतला रे?"

२९ नोव्हें., शनि.
उद्या पुन्हा सभा. बस आणि दत्तारामभाऊ, दोघांचाही निकाल. आज सगळे सांगायचे ठरवून राधाबायकडे गेलो. तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "माका साक्षीक परत बोलावल्यानी. तुझ्या गाडयेवरनं नेशील? दुसऱ्याच्या मागे बसूची नाय मी."
हो म्हणालो.
घरी येऊन चाकाला जाळी बसवली. स्क्रू दोनदा आवळले.

३० नोव्हें., रवि.
उतरणीवर गाडी थांबवायची आणि सांगायचे. ती उतरून परत चालू लागली तर लागू दे, सभेत मी एकटा जाईन. आता असे वाटते. काल तिच्याकडे चहा पितानाही असेच वाटत होते.
हाक आली. दारात उभी आहे. पदर कमरेला घट्ट खोचलाय, मला दिसावा म्हणून वळून दाखवते आहे.