तीन रविवारचं तेल

ता. ४, मंगळवार

चि. ठिणगीस आजीचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यात आधी कोण उगवली असेल तर शेजारची शिवणकामवाली, कात्री हातात तशीच! म्हणे, तुमची गाडी चढावावरून उलटी येतेय. मी धावले तर तुझा काका घामाघूम. इंजिन नुसतं बोंबलत होतं नि गाडी पुढे सरकेना, मागे घसरत दूधवाल्याच्या पायरीला टेकली. एक वीत इकडे असता तर दूधवाला गेला होता बाई.

काका तापलाय. म्हणाला, आपल्याच पोरीने गिअरबॉक्सचं तेल बदललं नि महिन्याच्या आत ही तऱ्हा. तुझ्या गॅरेजच्या मालकांना पत्र टाकून मोकळा झाला, माझं ऐकतो कुठे! मी तर तुझ्या आजोबांसारखी दर रविवारी इंजिनाची नि गिअरबॉक्सची, दोन्ही मापाच्या काड्या ओढून तेल बघते, काच पुसते. शिवणकामवालीचा झगा मात्र छान झालाय हो.

तुझी आजी

ता. ७, शुक्रवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

मालकांनी काकाचं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. हेडमिस्त्री म्हणाले, पोरीने तेल कमी भरलं. कालपासून मला गिअरबॉक्सला हात लावू देत नाहीत, नुसते सुटे भाग धुतेय. सोमवारी मालक स्वतः गाडी बघायला येणार. चूक माझी निघाली तर सहा वर्षांची नोकरी गेली.

आजी, मी इंजिन चालू ठेवून, गरम करून, बरोबर खुणेपर्यंत भरलं होतं. आठवून सांग, गाडीखाली तेलाचे डाग आहेत का? कोणी हात लावला का? काकाला गाडी चालवू देऊ नकोस.

तुझी ठिणगी

ता. ११, मंगळवार

चि. ठिणगीस आशीर्वाद, आणि पोरी, आधी खाली बस.

पत्र दारातच वाचलं. डाग एकही नाही. हात लावणारी मीच. आजोबांनी शिकवलेलं, इंजिन बंद असताना काडी बघायची. तशी बघितली तर गिअरबॉक्सचं तेल खुणेच्या बोटभर वर. मला वाटलं, पोरीने मायेने जास्त ओतलं. मग औषधाची पिचकारी नि बारीक नळी घेऊन जमेल तेवढं उपसलं. पुढच्या रविवारी अजून वरच, पुन्हा उपसलं. तीन रविवार! फेकवेना, म्हणून बाटलीत भरून ठेवलं, लालभडक.

काल दोघं आले. मालक नि तो हेडमिस्त्री, तोंड एरंडेल प्याल्यासारखं. मी चहाही विचारला नाही, आधी बाटली टेबलावर ठेवली नि सगळं सांगितलं. तुझा काका खिडकीबाहेर बघत बसला. मालकांनी बाटली मापली, तेवढंच नवं तेल भरलं, इंजिन गरम करून दांडा सगळ्या गिअरांतून फिरवला नि काडी ओढली. मी डोळे मिटून घेतले. बरोबर तुझ्या खुणेवर! मालक म्हणाले, इंजिन बंद झालं की वरचं तेल खाली उतरतं, म्हणून काडी आहे त्याहून जास्त दाखवते. मला काय ठाऊक!

हेडमिस्त्री मान खाली घालून म्हणाला, आजी, हात साफ आहे तुमचा, गॅरेजात या. मी म्हटलं, आमची एक आहे तेवढी पुरे.

पण हुरळू नकोस. चढावावर गाडी चढली खरी, तरी मध्येच एक हिसका बसला नि तेलाला करपट वास येतोय. गिअरबॉक्सच्या आतल्या चकत्या जळल्या असतील तर ती पेटी खोलावी लागेल, ते माझं पाप. मालक म्हणाले, खोलेल तर तीच, आणि तिच्या हाताखाली हेडमिस्त्री. पत्र ज्यांच्यासमोर वाचलं त्यांच्यासमोर बाटली ठेवायची म्हणून ती घेऊनही गेले. काका तुला आज लिहायला बसलाय, तीन कागद फाडून झाले.

लोभ असू दे, आणि रागावलीस तर समोर येऊन रागाव. येत्या शुक्रवारी सकाळी दहाला, हत्यारं घेऊन, तुझ्यासकट तिघं येतो म्हणालेत.

तुझी आजी